लेकराचा दिवस कोणी आखला?

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या गावात सकाळी दहाच्या सुमारास अंगणवाडीत डोकावलं, तर दिवस ठरल्या क्रमानं पुढे सरकताना दिसतो. मदतनीस ताई गल्लीतून हाका मारत लेकरं गोळा करून आणते. आल्या आल्या हात-तोंड धुणं, नखं आणि केस बघणं, मग हात जोडून प्रार्थना, हजेरी, गाणी, गोष्ट, मणी ओवणं, खडूनं फरशीवर रेघोट्या. त्यानंतर खिचडी, लापशी किंवा उसळ. खाऊन झालं की थोडा खेळ आणि घर. तीन ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला दिवसाला ठरलेल्या कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत, वर्षातले 300 दिवस मिळावीत, असा नियम आहे. ही शिस्त आता गावाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासून इथंच होती असं वाटावं.

ती इथली नाही, आणि पूर्णपणे परकीही नाही. नखं बघण्याचा रिवाज एका खंडातून आला, दुपारचा घास एका दुष्काळातून आला, अंगणात भरणारी शाळा पालघरच्या किनाऱ्यावरून आली. एकेका धाग्याचा मागोवा घेत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. लहान लेकराचा दिवस लेकराकडे बघून फार क्वचित आखला गेला. तो आईच्या कामातून जो वेळ उरला, त्यात बसवला गेला. आईचं काम बदललं तसा लेकराचा दिवस बदलला.

जुन्या काळापासून सुरुवात करू. तांबडं फुटायच्या आधी जात्यावर बसणारी बाई लेकराला मांडीवर घेऊनच बसायची. दळण एका हातानं, थोपटणं दुसऱ्या हातानं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. भाऊ, विठ्ठल आणि सासर यांच्या बरोबरीनं त्यांत लेकरू आहे, त्याचं खाणं-निजणं आहे. पहाटेचं दळण हीच त्या लेकराची दिवसातली पहिली, आणि बहुधा सर्वांत निवांत अशी आईसोबतची वेळ असायची. कासराभर दिवस वर आला की न्याहारी. ज्वारीच्या कण्या, दुधात कुस्करलेली भाकरी, नसेल तर ताकातली आंबील. मग बाई शेताला निघायची. अंगावर पिणारं मूल सोबत जायचं, त्याची झोळी बांधावरच्या बाभळीला. चालतं झालेलं मूल आजीपाशी राहायचं. आजी नसेल त्या घरात ते सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असायचं, आणि तीच बहीण दुसऱ्या हातानं शेळ्या हाकायची. उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली आहे. त्या शेळीमागे फिरणाऱ्या पोरींच्या कडेवर किती लेकरं वाढली, हे मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

गोरज झाली, जनावरं गोठ्यात आली की दिवस पुन्हा घराकडे वळायचा. दिवेलागणीला लेकराला झोपू द्यायचं नाही हा तर घरोघरचा दंडक. ज्या घरात अक्षर पोचलं होतं तिथं देवापुढे बसून शुभंकरोती, मग पाढे, पावकी, निमकीचा परवचा. ज्या घरात ते पोचलं नव्हतं, तिथं चुलीच्या उजेडात चिऊ-काऊचे घास आणि गोष्ट. परवचा म्हणणारं बालपण हेच सगळ्या मराठी मुलांचं बालपण, अशी एक समजूत आपल्या आठवणींच्या पुस्तकांनी करून दिली आहे. ते मोजक्या घरांचं बालपण होतं. बाकीच्यांचं बालपण चुलीपाशी, गोठ्यात आणि बांधावर गेलं.

तान्ह्याचा दिवस मात्र बहुतेक घरांत सारखा आणि ठरलेला असायचा. सकाळी तेल लावून अंग रगडायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, वावडिंग-ओव्याची धुरी द्यायची, टाळू भरायची, सहाणेवर मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ यांचे मोजके वेढे उगाळून गुटी चाटवायची आणि बाळुत्यात घट्ट गुंडाळून पाळण्यात टाकायचं. त्यातल्या काही गोष्टी आजचे डॉक्टर थांबवायला सांगतात, काही चालू द्यायला सांगतात. पण त्यातली एक खूण बघण्यासारखी आहे. या दोन तासांत लेकरू रोज त्याच हातांत, त्याच क्रमानं असायचं आणि शेवटी हमखास झोपायचं. न्हाऊ घालणाऱ्या म्हातारीला कुणी दिनक्रम शिकवला नव्हता. तिनं तो हातानं बसवला होता.

लिहिलेल्या शास्त्राकडे पाहिलं तर तिथं लेकराचा विचार आश्चर्य वाटावं इतका बारीक आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळासाठी वेगळी खोली कशी असावी हे सांगितलं आहे आणि खेळणी कशी असावीत हेही. रंगीबेरंगी, आवाज करणारी, हलकी, टोक नसलेली, तोंडात न जाणारी, भीती न घालणारी. त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. मूल रडत असेल, जेवत नसेल, ऐकत नसेल, तरी राक्षस-पिशाच्चांची नावं घेऊन त्याला घाबरवू नये, असं चरक स्पष्ट सांगतो. आपण आजही जेवणाच्या वेळी बागुलबुवाला बोलावतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर उत्तरस्थानाचा पहिलाच अध्याय बालोपचरणीय म्हणजे बाळाच्या संगोपनाचा आहे. ही विद्या उंच होती. पण ज्या घरात बाळाला स्वतंत्र खोली आणि सांभाळायला दाई मिळते, त्या घराची ती विद्या होती.

आणि इतरांच्या घरात काय होतं? त्याची एक गोष्ट धाराशिव जिल्ह्यानंच महाराष्ट्राला दिली आहे. तेर हे गाव ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना तगर म्हणून ठाऊक होतं, तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. त्याच तेरमध्ये तेराव्या-चौदाव्या शतकात संत गोरोबाकाका होऊन गेले. त्यांची कथा प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे. पत्नी पाण्याला गेली, जाताना लेकराकडे लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली. काका चिखल तुडवत होते, नामात रंगले होते, रांगत आलेलं लेकरू पायाखाली आलं आणि त्यांना कळलंही नाही. पुढे विठ्ठलकृपेनं ते परत मिळालं, असं परंपरा सांगते. भक्तीची परिसीमा म्हणून ही कथा कीर्तनात उभी राहते आणि तशीच ती राहावी. मला तीत अजून एक गोष्ट दिसते. आई पाण्यावर, बाप चिखलात, आणि मधल्या त्या घटकाभरात लेकराला बघायला घरात तिसरं माणूस नाही. कष्टकऱ्याच्या घरातला लहान मुलाचा दिवस कसा असतो, याचं इतकं खरं चित्र दुसऱ्या कुठल्या जुन्या कथेत मला आढळलेलं नाही.

याच जिल्ह्यात ठरलेल्या वेळा पाळण्याची दुसरी एक रीत शतकानुशतकं चालू आहे, ती तुळजापूरला. भवानीचा दिवस पहाटेच्या चरणतीर्थानं उघडतो, मग अभिषेक, नैवेद्य, धूपारती, संध्याकाळचा अभिषेक आणि रात्री प्रक्षाळ. वर्षातून तीनदा देवी मंचकावर निजते. भाद्रपदात नवरात्राआधी, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी. युद्ध करून दमलेल्या देवीलाही झोप हवी, हे या भागातल्या माणसानं मानलं आणि त्या झोपेची तिथी मोडू दिली नाही. ते टिकलं, कारण प्रत्येक वेळेला जबाबदार असलेली माणसं ठरलेली आहेत. भोपे आहेत, पाळीकर आहेत, पलंगाचे मानकरी आहेत. वेळापत्रक कागदावर टिकत नाही, ते सांभाळणाऱ्या हातांवर टिकतं. देवीच्या दिवसाला हे हात मिळाले. लेकराच्या दिवसाला एक आई, जमलं तर एक आजी.

एकोणिसाव्या शतकात आईचं काम शेताबाहेर गेलं आणि गोष्ट बिघडली. गिरणीत भोंग्याच्या वेळेला हजर राहावं लागे आणि लेकराला भोंगा कळत नाही. मग त्याला अफू देऊन झोपवायची रीत पडली. मुंबईच्या चाळींत ती बाळागोळी म्हणून राजरोस विकली जाई. 1922 मध्ये डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरनं मुंबईतल्या कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक सगळ्या तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचं समोर आलं. आईला दोष देणं सोपं होतं आणि तो दिलाही गेला. पण दहा तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या बाईपुढे दुसरा मार्ग काय होता? 1931 च्या अहवालात व्हिटली आयोगानं गिरण्यांमध्ये पाळणाघरांची शिफारस केली. स्वातंत्र्यानंतरच्या 1948 च्या कारखाना कायद्यानं 50 हून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली सक्तीची केली. पुढे ही मर्यादा 30 वर आली. लेकराचा दिवस ही मालकाचीही जबाबदारी आहे, हे कायद्यानं मान्य केलेली ही पहिली मोठी पायरी. कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या बाईला मात्र या कलमात जागा नव्हती. शेतमजूर बाई तर नव्हतीच नव्हती.

त्याच सुमारास दुसरा एक प्रवाह वाहत येत होता. 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपलं पहिलं बालगृह उघडलं. ते उघडण्यामागचं कारण मोठं बोलकं आहे. आई-बाप दिवसभर कामाला जात, मागे राहिलेली लेकरं नव्या इमारतींच्या भिंती खराब करत, म्हणून इमारतींच्या संस्थेला मुलांना एका जागी सांभाळणारं कुणीतरी हवं होतं. म्हणजे तिथंही सुरुवात आई-बापांच्या कामापासूनच झाली. माँटेसरींनी त्या गरजेतून एक शास्त्र उभं केलं. त्यांच्या पुस्तकात बालगृहाचा नऊ ते चार असा नमुना-दिवस दिला आहे. आल्यावर नमस्कार, स्वच्छतेची तपासणी, मग नित्याच्या कामांचा सराव, पुढे खेळ, दुपारचं जेवण आणि छोटी प्रार्थना. उमरग्याच्या अंगणवाडीत सकाळी नखं पाहणाऱ्या सेविकेच्या हाताला रोमच्या त्या खोलीशी जोडणारी साखळी अशी आहे, आणि तिच्या बहुतेक कड्या मराठी आणि गुजराती माणसांच्या आहेत.

1920 मध्ये गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक 1923 मध्ये त्यांच्यासोबत कामाला लागल्या, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसरींची साधनं महागडी होती, म्हणून ताराबाईंनी शिंपले, बिया, माती, पानं वापरली. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तिथं वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. कुणी भावंड सांभाळत होतं, कुणी अंघोळीवाचून होतं, कुणाला येऊ नको म्हणून सांगितलेलं होतं. तेव्हा ताराबाईंनी जे केलं ते माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोठं पाऊल आहे. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आधी अंघोळी घातल्या, केस विंचरले, नखं काढली, मग गाणी आणि गोष्टी. अंगणवाडी ही अशी जन्माला आली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरं चरत असतील तिथं आणि चरत असतील त्या वेळात भरणारी शाळा. मुलानं वेळापत्रकात बसावं असा हट्ट धरायचा नाही, त्याचं आणि त्याच्या घराचं काम बघून वेळ ठरवायची, ही दृष्टी या दोघींची. शेळीमागे कडेवर भावंड घेऊन फिरणाऱ्या आमच्याकडच्या पोरीला ताराबाईंची कुरणशाळा मिळाली असती, तर या जिल्ह्याचा इतिहास निराळा झाला असता.

ती मिळाली नाही. 1948 पर्यंत तर हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. शाळा थोड्या, शिक्षणाची भाषा उर्दू. 1921 मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवून गेले आणि तिथूनच पुढे मराठवाड्याच्या मुक्तीची माणसं घडली. पण ती जाणत्या मुलांची शाळा होती. सहा वर्षांखालचं लेकरू कुणाच्याच यादीत नव्हतं. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. प्राथमिक शाळा वाढल्या. बालवाड्या तालुक्याच्या गावी तुरळक निघाल्या.

लेकराच्या ताटात सरकार पहिल्यांदा ठळकपणे उतरलं ते बहात्तरच्या दुष्काळात. ज्यांनी तो पाहिला ती माणसं अजून गावोगाव आहेत. पाझर तलावांवर, रस्त्यांवर, खडी फोडायला गावंच्या गावं गेली. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी या दोन चवी त्या पिढीच्या जिभेवर कायमच्या बसल्या. कामावर आलेल्या बायांची लेकरं तिथंच, ढिगाऱ्याच्या सावलीला, लुगड्याच्या आडोशाला असायची. सुकडीचं पाकीट आलं की दिवस उजाडल्यासारखं वाटायचं, असं जुनी माणसं सांगतात. रोजगार हमीच्या नियमांत पुढे कामाच्या ठिकाणी पाणी, सावली आणि पाळणाघर आलं. 2005 च्या केंद्रीय कायद्यात तर असं कलम घातलं गेलं की कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं आली असतील, तर त्यांतल्याच एका बाईला त्यांना सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी द्यायची. कल्पना अगदी साधी आणि अगदी बरोबर. लेकरं सांभाळणं हेही काम आहे आणि त्याला दाम आहे, हे त्यात मान्य झालं. ते कलम किती तळांवर प्रत्यक्षात उतरलं, हे मजूर बायांना विचारावं.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्राला नाव मिळालं ते ताराबाईंचं, अंगणवाडी. आहार, लसीकरण, तपासणी, पुढे दवाखान्यात पाठवणं, आईला आरोग्यशिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका खोलीत आल्या. ती सगळीकडे पोचायला मात्र वेळ लागला. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा दावा उभा राहिला, तेव्हा कुठे प्रत्येक वस्तीला अंगणवाडी मिळालीच पाहिजे असे आदेश निघाले.

मधे एक पहाट आली. 30 सप्टेंबर 1993, तीन वाजून छप्पन मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गाव गाढ झोपेत. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची 52 गावं उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं माळवदाखाली गेली. या भूकंपावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. लहान मुलाच्या दिवसाचं काय झालं, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. माळवदाच्या घराला जाड भिंती होत्या, ढेलज होती, ओसरी होती. दुपारी आजी ओसरीवर बसली की चार घरची लेकरं तिच्या नजरेत असायची. नवी गावं आखली गेली ती सरळ रेषेत, मोकळ्या रस्त्यांनी, घराघरात अंतर ठेवून. भिंती हलक्या झाल्या, ते हवंच होतं. पण ओसरी गेली, शेजार पांगला, आणि पुष्कळ घरांत ती आजीच उरली नाही. अनाथ झालेल्या मुलांपैकी सुमारे बाराशे मुलं भारतीय जैन संघटनेनं पुण्याजवळ वाघोलीला नेली. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी ‘आपलं घर’ उभं केलं. रोज ठराविक वेळी उठणं, जेवणं, शाळा, प्रार्थना, झोप. सगळं हरवलेल्या मुलाला उद्या सकाळी काय होणार हे आज ठाऊक असणं हाच आधार असतो, हे त्या घरांनी जाणलं होतं. स्वयं शिक्षण प्रयोगाच्या प्रेमा गोपालन यांनी त्याच गावांतल्या महिला मंडळांना पुनर्वसनाच्या कामात उभं केलं, अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायांना भारतवैद्य म्हणून तयार केलं. लेकराच्या आरोग्याला जबाबदार असलेला एक हात प्रत्येक गावात असावा, याची ती सुरुवात होती.

आज तो हात सेविकेचा आहे. तिच्याकडे तीस-चाळीस लेकरांचा दिवस आहे, शिवाय वजनं, नोंदी, मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर, निवडणुकीची आणि पाहणीची कामं. तिला वेतन नाही, मानधन आहे. डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि जानेवारी संपत आला तरी अंगणवाड्या बंद होत्या. त्या दिवसांत कळलं की लेकराचा दिवस किती थोड्या हातांवर तोलला आहे.

धाराशिव किंवा तुळजापूर शहरात लेकराचा दिवस वेगळ्याच दिशेनं गेला आहे. तीन वर्षांचं मूल गणवेश घालून सकाळी व्हॅनमध्ये बसतं, डबा तसाच बंद परत येतो, घास भरवताना समोर मोबाइल लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं की तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी 10 ते 13 तास झोप हवी आणि पडद्यापुढे तासाहून अधिक बसवू नये. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा आदेश काढला, तोही मुलांच्या झोपेसाठी. लेकराकडे बघून वेळ ठरवल्याचं अलीकडचं हे चांगलं उदाहरण. व्हॅनवाल्यांची आणि दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांची अडचण झाली, तक्रारीही झाल्या. त्या ऐकाव्यात, पण आदेश मागे घेऊ नये.

शहरातलं मूल निदान रोज त्याच अंथरुणात झोपतं. कळंब, भूम, वाशी, परंड्याकडच्या शेकडो घरांतून दसरा-दिवाळीनंतर जो कोयता निघतो, त्याच्यासोबत निघालेल्या लेकराला तेवढंही मिळत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोल्हापूर-सांगलीपासून कर्नाटकापर्यंत जिथं टोळी जाईल तिथं जायचं. कोपीत संसार. पहाटे तीन-चारला फडावर, थंडीत. लेकरू झोपेतच उचललेलं असतं, गाडीवर वाढ्यांच्या भाऱ्यात किंवा बांधावर गोधडीत टाकलेलं. मोळ्या बांधून, गाडी भरून आई परत येते ती कधी दुपारी, कधी रात्री. गाडी कधी भरेल हे तिलाही ठाऊक नसतं, म्हणून लेकराच्या जेवणाची वेळ कुणालाच ठाऊक नसते. मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत हेच. गावातल्या अंगणवाडीत त्याचं नाव असतं, खिचडी असते, ते मात्र तिथं नसतं.

मोठ्या मुलांसाठी उपाय निघाले. साखर कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या, पुढे गावातच हंगामी वसतिगृहं आली, म्हणजे आई-बाप गेले तरी मूल आजी-आजोबांपाशी राहून शाळेत जेवेल. ते सगळे उपाय शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. आईच्या अंगावर पिणारं आणि नुकतं चालायला लागलेलं लेकरू मागे ठेवता येत नाही, ते फडावर जातंच. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत ठराविक संख्येहून अधिक कामगार असतील तर कायद्यानं पाळणाघर लागतं. त्याच कारखान्याला ऊस पुरवणारी बाई फाटकाच्या बाहेर, मुकादमाच्या वहीत असते, म्हणून तिच्या लेकराला ते लागत नाही. 1922 मध्ये मुंबईच्या चाळीत जो प्रश्न होता, तोच प्रश्न शंभर वर्षांनी उसाच्या फडावर उभा आहे.

आणि त्याचं उत्तरही या मागोव्यातच सापडतं. ताराबाईंनी शाळा अंगणात नेली, कुरणात नेली, गुरं चरायच्या वेळेला भरवली. रोजगार हमीच्या कायद्यानं बांधावरच्या बाईला लेकरं सांभाळण्याची मजुरी देऊ केली. ही दोन पावलं एकत्र केली की ऊसतोडीच्या तळावरची अंगणवाडी होते. ती सकाळी दहाला उघडून चालणार नाही. टोळी फडाकडे निघते तेव्हा पहाटे उघडली पाहिजे, आणि शेवटची आई परत येईपर्यंत चालू राहिली पाहिजे. टोळीतल्याच एका बाईला कोयत्याइतकी मजुरी देऊन तिथं बसवलं पाहिजे. खर्च कारखान्यानं आणि सरकारनं वाटून उचलावा, टनामागे तो काही रुपयांचा असेल. गाळपाचा परवाना देताना ही अट घालता येते. पुढचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होईल. आपल्या भागातल्या कारखान्याचे जे सभासद आहेत, त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत एवढा एक ठराव मांडावा.